वन्संकडची डिस्क

आमच्या माजघरातल्या कोनाड्यात एक काळी पेटी आहे. दोन विटा शेजारी शेजारी उभ्या केल्या तर होईल एवढीच. पुढे हिरवे दिवे, मागे छोटा पंखा, आणि कान देऊन ऐकलं तर आतल्या डिस्कची बारीक घरघर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, फायली एका जागी साठवायची ही पेटी. लेकानं ती पुण्याहून आणली तेव्हा तिचं नाव सांगितलं, नॅस. सासूबाईंना ऐकू आलं नास. “नास कसला गो आणलात घरात?” त्यांनी काळजीनं विचारलं. मी म्हटलं, काही नासू नये म्हणूनच आणलाय. तेव्हापासून घरात तिला सगळे डबाच म्हणतात.

तिला ते नाव शोभतंही. मे महिन्यात आगोटीची तयारी सुरू झाली की पापड, फणसपोळ्या, आमसुलं, मिरच्या, कुळीथ, सगळं कडकडीत उन्हात वाळून घट्ट झाकणाच्या डब्यांत जातं. पुढचे चार महिने हवेतच पाणी असतं. मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, खिडकीच्या गजांचे पापुद्रे निघतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वारा येतो तो मीठ घेऊनच. दापोलीच्या बाजारातून आणलेली नवी कात्रीसुद्धा दुसऱ्या पावसाळ्यात अडायला लागते.

गेल्या महिन्यात खालच्या आळीतली एक सूनबाई आली. मुलगी दोन वर्षांची, नवरा बोटीवर, फोन फोटोंनी भरून गेलेला. “काकू, मलापण तुमच्यासारखा डबा घ्यायचाय. कुठला घेऊ?” मी तिला लगेच नाव सांगितलं नाही. चहा ठेवला आणि मामंजींच्या कॅसेटींची गोष्ट सांगायला घेतली. ती ऐकल्याशिवाय कुठला डबा घ्यायचा हे कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

मामंजींना आवाज साठवायचं वेड होतं. १९७९ साली त्यांनी मुंबईहून एक टेपरेकॉर्डर आणला, आणि पुढची पंधरा वर्षं शिमग्यातलं नमन, एकादशीची भजनं, लग्नातली गाणी, जे कानावर येईल ते ते टिपत राहिले. त्यांची आई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, पहाटे जात्यावर बसायच्या. मामंजी अंथरुणातून उठून, आवाज न करता टेपरेकॉर्डर जात्याजवळ नेऊन ठेवायचे. त्या कॅसेटींत ओवीच्या मागे जात्याची घरघर आहे, मध्येच कोंबडा आहे, आणि दळण संपत आल्यावर जात्याचा बदललेला सूर आहे. प्रत्येक कॅसेटची नोंद त्यांनी एका वहीत केली होती: क्रमांक, तारीख, कोणाचा आवाज, काय म्हटलं. अक्षर अगदी मोत्यासारखं.

२०१६ च्या गणपतीत लेकानं चांगल्या राहिलेल्या ३१ कॅसेटी संगणकावर उतरवल्या. बाकीच्यांच्या फितीवर बुरशी चढली होती, त्या गेल्याच. ३१ कॅसेटी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेल्या, डिस्क फडताळात गेली, आणि पुढच्या वर्षी मी कॅसेटींचं खोकं भंगारवाल्याला दिलं. मनात एकच होतं, आता सगळं डिस्कवर आहे. फिती जाऊन डिस्क आली, पण आवाज राहिला एकाच जागी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वस्तू नव्या जातीच्या झाल्या की आपल्याला वाटतं त्या सुरक्षितही झाल्या.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडच्या आमच्या पट्ट्यालाही त्यानं झोडपलं. त्या दुपारी माजघरावरची कौलं पानांसारखी उडाली. आगरात पोफळी काडीसारख्या मोडत होत्या, त्यांचा आवाज अजून कानात आहे. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात; आमची तर सासऱ्यांच्या हातची होती. त्या गडबडीत फडताळात पाणी गेलंय हे कुणाच्या लक्षात येणार? महिन्याहून अधिक काळ गावात वीज नव्हती. आली त्या संध्याकाळी मी फडताळ आवरलं, डिस्क पुसली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि लॅपटॉपला लावली. दोनदा टक् टक् वाजली आणि गप्प झाली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हार्ड डिस्कच्या आत काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. साध्या डिस्कला हवा आतबाहेर होण्यासाठी एक बारीक भोक असतं, त्याला गाळणी असते. धूळ ती अडवते, पण पाण्यात बुडालेल्या डिस्कला तिथून वाट मिळते. भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नाही. उन्हात वाळवायची नाही, केस वाळवायच्या यंत्रानं तर नाहीच. आहे तशी गुंडाळून जाणकाराकडे पाठवायची. मी तिला वीज दिली आणि आत वाळलेल्या मातीवरून ते टोक फिरलं. गणपती झाल्यावर लेक ती पुण्याला घेऊन गेला. तिथल्या एका प्रयोगशाळेनं बरीच खटपट केली. ३१ पैकी ९ मिळाल्या.

नऊ मिळाल्यावर मी शहाणी झाले असं मला वाटलं. दिवाळीत चिपळूणला माहेरी गेले तेव्हा त्या नऊंची प्रत एका पेनड्राइव्हवर घालून दादाकडे दिली. घराबाहेर एक प्रत असावी, एवढं कळलं होतं. दादाचं घर बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. वादळानंतर पुरतं सव्वा वर्षही झालं नव्हतं. दादा-वहिनींनी मुलांना घेऊन रात्र गच्चीवर काढली. ती सगळी सुखरूप राहिली, यापुढे पेनड्राइव्हचं काय! तो खालच्या मजल्यावर टेबलाच्या खणात होता.

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. माझं अर्धं लहानपण तिथे गेलं. २६ जुलै २००५ च्या पुरात त्याची पुस्तकं गेली, लोकांनी पुन्हा उभं केलं, आणि २०२१ ला पाणी पुन्हा आत आलं. पूर ओसरल्यावर मी गेले होते. चिखलात फुगलेली पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांचे दगड झाले होते. नवी प्रत मिळेल ती पुस्तकं पुन्हा आणता येतात. ज्याची जगात तेवढी एकच प्रत होती, ते पान गेलं की गेलं. त्या दिवशी तिथे उभं राहून पहिल्यांदा मला प्रश्न नीट कळला. प्रती किती, हा अर्धा प्रश्न. एकाच संकटात सगळ्या जातील का, हा उरलेला अर्धा. वादळ, पूर, खारा वारा या बाबतीत माझं सासर आणि माझं माहेर एकाच नावेत होतं.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बियाणं कधी एका मुड्यात ठेवतात काय गो?” पूर्वी आमच्याकडे भाताचं बियाणं पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून माळ्यावर ठेवायचे. एक मुडा आपल्या माळ्यावर, दुसरा वरच्या वाडीतल्या कुळाकडे, आणि थोडं बी सासूबाईंच्या माहेरी, डोंगरापलीकडे. खाजणात खारं पाणी शिरलं, घराला आग लागली, उंदीर लागले, तरी कुठेतरी पेरणीपुरतं बी उरायचं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं संगणकातल्या फायलींसाठी हाच हिशेब तीन-दोन-एक असा बांधून दिला, आणि आता जगभर तो त्याच नावानं सांगितला जातो: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या जातींच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. मी त्यात आमच्या किनाऱ्यापुरती एक भर घालते. घराबाहेरची प्रत घाटापलीकडे.

आता डबा. सूनबाईला मी आधी विचारलं, तुझ्याकडे आहे काय काय? एक फोन, एक लॅपटॉप, आणि नवऱ्याचा फोन. मग मी तिला स्पष्ट सांगितलं, तुला सध्या डब्याची गरज नाही. बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घे. एक घरी, एक बाहेरगावी. महिन्यातून एकदा फोन लॅपटॉपला लावून सगळं उतरव. एवढं वर्षभर न चुकता केलंस तर मग डब्याचं बघू. डबा घेऊन त्याच्याकडे न बघण्यापेक्षा दोन साध्या डिस्क नेमानं वापरलेल्या कितीतरी बऱ्या.

डबा कामाचा होतो तो घरात माणसं चार आणि उपकरणं आठ झाली की. ही पेटी म्हणजे पडदा नसलेला छोटा संगणकच. ती तारेनं राउटरला जोडलेली असते, चोवीस तास चालू असते, आणि घरातल्या कुणाचाही फोन वायफायवर आला की त्यातले नवे फोटो आपसूक तिच्यात जातात. यांचं हिशेबाचं काम, माझं लिखाण, लेकीचे व्हिडिओ, सगळं एका ठिकाणी. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजनं अमर्याद फुकट साठवण बंद केली, मेल आणि फोटो मिळून १५ जीबीत बसवा म्हटलं, तेव्हा आमच्या घरात हा विषय खऱ्या अर्थानं निघाला.

लेक म्हणत होता, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर फुकटची प्रणाली घालून आपणच करू, स्वस्तात होईल. मी नको म्हटलं. बिघडलं तर तो पुण्यात आणि मी इथे. ज्याच्याजवळ हात आहेत आणि वेळ आहे त्यानं जरूर करावं. रास्पबेरी पायवर ओपनमीडियाव्हॉल्ट, साध्या संगणकावर ट्रूनॅस, या दोन्ही प्रणाली मोफत आहेत आणि चांगल्या आहेत. पण नवशिक्या माणसानं आठवणी ठेवायच्या जागेवरच पहिले प्रयोग करू नयेत. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप अशा कंपन्यांची तयार, दोन डिस्क बसतील अशी पेटी घ्यावी. एका डिस्कची घेऊ नये, चाराची लागत नाही.

दोन डिस्क कशाला, तर एकीत जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीतही लिहिलं जावं म्हणून. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, मेलेली काढून नवी घातली की पेटी ती पुन्हा भरून घेते. याला रेड-वन म्हणतात. रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंधात मांडली. त्यांचा मुद्दा होता की महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरावा. मी हे आरशासारखं समजून घेते. आणि आरसा आहे म्हणूनच त्याची मर्यादा कळते. केसातला गजरा निसटला की आरशातलाही निसटतो. चुकून फोल्डर पुसलं, तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. कौलं उडाली तर दोन्ही भिजतात. सूनबाईला मी हे दोनदा सांगितलं, कारण दुकानदार आरशालाच बॅकअप म्हणून विकतात.

फोन आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, यांच्या जुळवणीचंही तेच. माझ्या जावेनं फोनमध्ये जागा करायला म्हणून फोटो पुसले, ते सगळीकडून गेले. तिला वाटत होतं वर कुठेतरी प्रत आहे. गूगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस असतात, तिला कळलं तेव्हा तिसरा महिना लागला होता. म्हणून डब्यात स्नॅपशॉटची सोय आहे की नाही हे विकत घेतानाच बघावं. रोज रात्री पेटी आजची स्थिती गोठवून ठेवते. आज काही बिघडलं तर परवाच्या स्थितीवर जाता येतं.

डिस्क घेताना मात्र काटकसर करू नये, आणि नुसता आकडाही बघू नये. डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये लिहिलेले पट्टे शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. तसंच त्या डिस्कला एक पट्टा बदलताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. म्हणून जोडीतली डिस्क बदलून नवी भरून घेताना ती फार वेळ घेते, कधी अडते. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस (हे नुसतं नाव, वरच्या रेडशी त्याचा संबंध नाही) आणि सीगेटची आयर्नवुल्फ या सीएमआर आहेत आणि अशा पेट्यांसाठीच केलेल्या आहेत. आम्ही चार टीबीच्या, म्हणजे चार हजार जीबीच्या, दोन घेतल्या. आरसा असल्यामुळे वापरायला चारच मिळाले, आणि पडद्यावर त्याचेही ३.६ दिसले. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

किती जागा लागेल याचा हिशेब मांडताना एक गोष्ट कळली, आणि ती मला या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची वाटते. साठ मिनिटांच्या कॅसेटचं सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण साधारण ६३५ एमबी होतं. म्हणजे ३१ कॅसेटी २० जीबीच्या आत. आज खिशातल्या साध्या पेनड्राइव्हवर त्या सगळ्या मावल्या असत्या. जे गेलं तर परत येणार नाही, ते बहुधा थोडंच असतं. टीबी भरतात ते समुद्रकिनाऱ्यावरच्या व्हिडिओंनी, एकाच सूर्यास्ताच्या चाळीस फोटोंनी. सातबारा महाभूलेखवरून पुन्हा काढता येतो, मार्कशीट विद्यापीठातून येते, आधार पुन्हा उतरवून घेता येतं. सिनेमा, गाणी कुठेही मिळतात. म्हणून मी आमच्या डब्यात अगदी वर एक फोल्डर केलं आहे, ‘पुन्हा न मिळणारं’. त्यात मामंजींच्या नऊ कॅसेटी, त्यांच्या वहीच्या पानांचे फोटो, लग्नाआधीचे घरातले सगळे जुने फोटो, सासूबाईंच्या हातची मसाल्याची मापं. तेवढ्याच फोल्डरच्या प्रती मी सहा ठिकाणी ठेवल्या आहेत, क्लाउडवरही. बाकीच्याला तीन पुरेत.

सगळंच क्लाउडवर का नाही, असं लेकीनं विचारलं होतं. आमच्याकडे फायबर आलंय, पण वर चढवायचा वेग वीस एमबीपीएस. एक टीबी चढवायला अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात, आणि पावसाळ्यात आमच्या गावात साडेचार दिवस अखंड काय चालतं? घरातल्या घरात तारेवरून तोच एक टीबी अडीच-तीन तासांत जातो. तारेवरून म्हटलं, कारण चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पलीकडच्या खोलीत जाता जाता दमतं. पहिल्यांदा सगळं भरताना तार लावावीच.

डबा ठेवायचा कुठे, यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. ओटीवर शोभला असता, पण तिथे वारा थेट. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी. माजघराचा कोनाडा आतल्या भिंतीचा, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, वर आता कौलांखाली पत्रा. मागच्या फटीतून मुंग्या आणि पाली आत जाऊ नयेत म्हणून हे महिन्यातून एकदा ब्रश फिरवतात, कारण उबेला पाल येतेच. एक गोष्ट अनुभवानं कळली: चालू डिस्क पावसाळ्यात कोरडी राहते, कारण ती हवेपेक्षा गरम असते. दमट हवेचा त्रास होतो तो बंद करून कपाटात ठेवलेल्या डिस्कला. तिला पापडासारखंच ठेवावं लागतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायलं. ते काढून नवे घालायचे.

वीज हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा वैरी. जून ते सप्टेंबर फांदी पडली की वीज गेली, आणि येते ती तीनदा चमकून. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवरची मांडणी विस्कटू शकते. म्हणून डब्याला यूपीएस हवाच, आणि त्या यूपीएसची यूएसबी तार डब्याला जोडलेली हवी. मग वीज गेल्यावर दहा मिनिटांत डबा स्वतःच काम आवरून नीट बंद होतो. माणूस घरी असण्याची गरज राहत नाही. मेमधल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात मात्र गडगडायला लागलं की मी प्लगच काढते. डब्याचा, राउटरचाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, राउटरच्या अडॅप्टरातून येते आणि तारेनं डब्यात शिरते. बिलाचं विचाराल तर दोन डिस्कची अशी पेटी वीसेक वॅट घेते, महिन्याला चौदा-पंधरा युनिट.

एका बाबतीत मी लेकाचंसुद्धा ऐकलं नाही. बाहेरगावाहून डबा बघता यावा म्हणून त्याला राउटरचं दार इंटरनेटला उघडं ठेवायचं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात जगभरच्या हजारो लोकांच्या क्यूनॅप पेट्यांतल्या फायली कुलूपबंद झाल्या आणि उघडायला खंडणी मागितली गेली. ज्या पेट्या थेट इंटरनेटला उघड्या होत्या त्या सापडल्या. शेवटी टेलस्केल नावाची सोय लावली. ती घरच्या उपकरणांपुरती खासगी वाट काढते, रस्त्यावरचं दार बंदच राहतं. डब्याचं ‘अ‍ॅडमिन’ हे ठरावीक खातंही आम्ही पहिल्याच दिवशी बंद केलं. आणि दर महिन्याला नवी आवृत्ती आली का, ते बघते.

दर संकष्टीला मी बाहेरची डिस्क डब्याला लावते, प्रत पूर्ण झाली की काढून सिलिकाच्या डब्यात ठेवते. लावून ठेवायची नाही, हे महत्त्वाचं. कायम जोडलेल्या डिस्कवर विजेचा लोळ आणि खंडणीखोर दोघेही पोचतात. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. चंद्रोदयाची वाट बघेपर्यंत काम होतं.

आणि घाटापलीकडची प्रत वन्संकडे, साताऱ्याला. कोकणाला एक वरदान आहे, आपली माणसं वर्षातून दोनदा नेमानं घरी येतात. गणपतीला आणि शिमग्याला. वन्सं गणपतीला येतात तेव्हा पिशवीतून त्यांच्याकडची डिस्क येते आणि इथली ताजी भरलेली त्यांच्याबरोबर जाते. शिमग्याला पुन्हा बदल. दोन डिस्क सहा महिन्यांनी घाट चढतात-उतरतात. एसटीत हरवली तर कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिच्यावर सांकेतिक कुलूप आहे. त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून एका बंद पाकिटात वन्संच्या देवघरात ठेवलाय, दुसरं पाकीट लेकीकडे. शब्द फक्त माझ्या डोक्यात असता, तर माझ्याबरोबर सगळंच गेलं असतं.

पहिल्या वर्षी वन्संनी डिस्क पिशवीतून काढून देवापुढे ठेवली. मी म्हटलं, “अहो वन्सं, हळदीकुंकू नका हं लावू तिला.” त्या म्हणाल्या, “बाबांचा आवाज आहे त्यात. नुसता नमस्कार करते.”

आलेली डिस्क मी लगेच भरायला घेत नाही. आरती, जेवणं उरकली की ती लॅपटॉपला लावते आणि तिच्यातली कुठलीही एक फाईल उघडते. ती वाजली पाहिजे, पूर्ण वाजली पाहिजे. प्रत करून ठेवली आणि उघडून कधी बघितलीच नाही, तर ती आहे की नाही कोण सांगणार? मागच्या गणपतीत सातव्या क्रमांकाची उघडली. आजेसासूबाईंचा आवाज, मागे जातं. माजघरात पंधरा माणसं बसली होती, नातवंडं पत्ते खेळत होती, ती थांबली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला.

सूनबाई हे ऐकताना रडली. मग तिनं वहीत दोन डिस्कची नावं लिहून घेतली आणि विचारलं, दुसरी कुणाकडे ठेवू? तिची मोठी बहीण कोल्हापूरला आहे. मी म्हटलं, पंचगंगेपासून लांब आहे ना घर? आहे म्हणाली.

बावीस कॅसेटी गेल्या त्या गेल्या. पण मामंजींची वही राहिली, कारण ती वादळाच्या दिवशी देवघरात होती. त्यात कुठल्या कॅसेटमध्ये कुठली ओवी, पहिली ओळ काय, हे लिहिलेलं आहे. या उन्हाळ्यापासून मी दुपारी सासूबाईंना एकेक पहिली ओळ वाचून दाखवते. कधी त्यांना काहीच आठवत नाही. कधी दोन ओळी येतात, मध्येच अडतात, मग दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिसरी येते. फोन त्यांच्याजवळ ठेवलेला असतो, मामंजी टेपरेकॉर्डर ठेवायचे तसा, आवाज न करता.

काल चौदाव्या क्रमांकाची सुरुवात वाचली. त्यांनी चार ओळी म्हटल्या, पाचवी गुणगुणत राहिल्या, शब्द आले नाहीत. रात्री डब्याचा दिवा जरा वेळ भराभरा लुकलुकला. संकष्टी परवा आहे.